एचपी नको, हवेचा रस्ता पाहा: गाडी आतून साफ करायला शॉप व्हॅक्यूम कसा निवडावा

शॉप व्हॅक्यूम घ्यायचं ठरवून खोकी वाचायला लागलं की डोकं चक्रावतं. एका खोक्यावर ‘६ एचपी’, दुसऱ्यावर ‘१४०० वॅट’, तिसऱ्यावर ‘१८ किलोपास्कल’, चौथ्यावर ‘सेकंदाला ६० लिटर हवा’. चारही आकडे चार निरनिराळ्या गोष्टी सांगतात, त्यामुळे शेजारी ठेवून त्यांची तुलना करताच येत नाही. शेवटी माणूस त्यातल्या त्यात मोठा आकडा बघतो आणि ते खोकं उचलून घरी येतो.

मीही तेच केलं होतं. दणदणीत मोटर, मनगटाएवढी जाड नळी, भलीमोठी टाकी. गॅरेजमध्ये सांडलेला लाकडाचा भुसा तो व्हॅक्यूम क्षणात गिळायचा. गाडीच्या कार्पेटमधली वाळू मात्र जागची हलायची नाही. तासभर खपल्यावर कार्पेटवर हाताने थापटलं की रेतीचे कण पुन्हा नाचायला लागायचे. पुढे त्याच यंत्राला बारीक, लवचीक नळी आणि चिंचोळं तोंड लावलं, आणि तेच कार्पेट पंधरा-वीस मिनिटांत स्वच्छ झालं. मोटर तीच होती. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: गाडीसाठी आधी नळी आणि तोंड पाहावं, मग फिल्टर, आणि मोटर अगदी शेवटी.

शॉप व्हॅक्यूम म्हणजे वर्कशॉपसाठी बनवलेला, खाली टाकी आणि वर मोटर असा ओला-सुका व्हॅक्यूम. तो खिळे, खडे, भुसा आणि पाणी सगळं घेतो. गाडीच्या डिटेलिंगला, म्हणजे कानाकोपऱ्यातून केलेल्या बारीक सफाईला, तो उत्तम चालतो. फक्त तो मुळात त्या कामासाठी बनलेला नाही, म्हणून निवडताना डोळे उघडे ठेवावे लागतात.

## व्हॅक्यूम धूळ ओढत नाही

आपल्याभोवतीची हवा सगळीकडून सतत दाबत असते. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. व्हॅक्यूममधला पंखा टाकीतली हवा बाहेर फेकतो, त्यामुळे आतला दाब पंधरा-वीस किलोपास्कलने उतरतो आणि बाहेरची हवा नळीच्या तोंडातून आत घुसते. घुसताना ती वाटेतले कण सोबत नेते. पुराचं पाणी वाळू वाहून नेतं, अगदी तसं. म्हणजे धूळ उचलते ती वाहती हवा. हवा वाहायची थांबली, की मोटर कितीही गरजली तरी धूळ जागची हलत नाही.

आता एक मेणबत्ती डोळ्यांसमोर आणा. हातभर अंतरावरून फुंकर मारून ती विझवता येते. पण तितक्याच अंतरावरून तोंडाने हवा आत ओढून ती विझवून बघा. ज्योत हलणारसुद्धा नाही. फुंकलेली हवा एका धारेत जाते, ओढलेली हवा मात्र चारी बाजूंनी गोळा होते. नळीच्या तोंडापासून त्या तोंडाच्या व्यासाइतकं दूर गेलं, की हवेचा वेग तोंडाशी असलेल्या वेगाच्या जेमतेम दहाव्या हिश्शावर येतो. ३२ मिलिमीटरच्या तोंडापासून तीन सेंटिमीटरवर पडलेल्या कणाला व्हॅक्यूमची जवळपास दखलच नसते.

गाडीतली वाळू नेमकी इथेच आपल्याला हरवते. ती कार्पेटच्या वर बसत नाही, धाग्यांच्या मुळाशी उतरते. आणि तिथे ती नुसती बसूनही राहत नाही. वाळूचा कण धाग्यापेक्षा कितीतरी कठीण असतो; प्रत्येक वेळी पाय टेकला की तो धाग्याला करवतीसारखा घासतो. चालकाच्या टाचेखालचं कार्पेट सगळ्यांत आधी विरतं, त्याचं एक मोठं कारण हे.

## मग खोक्यावरचा एचपी कुठून येतो?

आकडेमोड सोपी आहे. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. सहा एचपी म्हणजे जवळपास ४५०० वॅट. २३० व्होल्टच्या १६ अँपिअर सॉकेटमधून जास्तीत जास्त ३६८० वॅट मिळतात, ६ अँपिअरच्या सॉकेटमधून १३८०. ज्या देशांत १२० व्होल्ट आणि १५ अँपिअर चालतं, तिथे १८००. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तो आकडा ‘पीक एचपी’चा असतो. प्रयोगशाळेत मोटरवर टोकाचा ताण देऊन क्षणभर जे दिसतं, ते मोजलेलं. फिरत्या चाकात साठलेला जोरही त्यात धरतात. गॅरेजमध्ये तो जोर आपल्या वाट्याला कधीच येत नाही. वॅटचा आकडा त्यापेक्षा खरा, पण तोही मोटर किती वीज खाते एवढंच सांगतो. खाल्लेलं अंगी किती लागलं, हे त्यातून कळत नाही.

## सक्शन आणि प्रवाह: दोन टोकांचे आकडे

कामाचे आकडे दोनच. पहिला सक्शनचा: तोंड पूर्ण बंद केल्यावर आतला दाब किती उतरतो. तो किलोपास्कलमध्ये किंवा पाण्याच्या इंचांत देतात. बादलीतल्या पाण्यात उभी पारदर्शक नळी धरून तिचं वरचं टोक व्हॅक्यूमला जोडलं, तर दर किलोपास्कलमागे पाणी साधारण दहा सेंटिमीटर चढतं, म्हणून इंचांतलं माप. एक किलोपास्कल म्हणजे सुमारे चार इंच. दुसरा आकडा प्रवाहाचा: तोंड पूर्ण उघडं असताना सेकंदाला किती लिटर हवा आत जाते. काही कंपन्या तो मिनिटाला किती घनफूट असा देतात. दोन घनफूट प्रति मिनिट म्हणजे जवळपास एक लिटर प्रति सेकंद.

आता गोम बघा. तोंड बंद केलं की सक्शन पूर्ण, पण प्रवाह शून्य. तोंड उघडलं की प्रवाह पूर्ण, पण सक्शन जवळपास शून्य. खोक्यावर या दोन टोकांचे आकडे शेजारीशेजारी छापलेले असतात, पण ते एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. प्रत्यक्ष काम दोन्हींच्या मध्ये कुठेतरी चालतं.

तुलनेसाठी दोन्हींचा गुणाकार करून त्याला चाराने भागा. २० किलोपास्कल आणि सेकंदाला ६० लिटर असेल, तर २० गुणिले ६० म्हणजे १२००, आणि त्याचा चौथा हिस्सा ३०० वॅट. हवेच्या अंगात येणारी ही साधारण कमाल ताकद. तिला एअर वॅट म्हणतात. हिशेब ढोबळ आहे, पण दोन यंत्रं एका तराजूत तोलायला पुरतो. फक्त एकच आकडा छापून दुसरा लपवणाऱ्या खोक्याकडे मी तरी पाठ फिरवतो.

पुष्कळांना पडणारा एक प्रश्न: नळी तुंबली की मोटरचा आवाज चढतो, म्हणजे तिच्यावर ताण येतो ना? उलट. हलवायला हवाच उरली नाही, की पंख्यावरचं ओझं उतरतं आणि मोटर मोकळी सुटून जास्त वेगाने फिरते. आवाज चढला की समजावं, हवेचा रस्ता कुठेतरी अडला आहे. काम करताना कान या सुराकडे ठेवायची सवय फार उपयोगी पडते.

## नळी: जाड की बारीक?

शॉप व्हॅक्यूमच्या नळ्या प्रामुख्याने तीन मापांत येतात: ३२, ४८ आणि ६४ मिलिमीटर. जाड नळीतून जास्त हवा जाते, म्हणून जाड चांगली असं वाटणं स्वाभाविक आहे. भुशासाठी ते खरंही आहे. गाडीत मात्र नळीच्या टोकाला चिंचोळं तोंड लावलेलं असतं आणि हवेला तिथूनच आत शिरावं लागतं. फाटक अरुंद असेल तर आतला रस्ता कितीही रुंद करा, गर्दी फाटकाच्याच गतीने पुढे सरकते.

समजा चिंचोळ्या तोंडातून सेकंदाला २५ लिटर हवा येते आहे. ३२ मिलिमीटरच्या नळीत ती सेकंदाला सुमारे ३१ मीटरने धावेल, म्हणजे ताशी ११० किलोमीटर. तीच हवा ६४ मिलिमीटरच्या नळीत शिरली की क्षेत्रफळ चौपट, म्हणून वेग एक चतुर्थांश: सेकंदाला जेमतेम ८ मीटर. वाळूसारखे जड कण न अडखळता वाहून न्यायला साधारण २० मीटरच्या आसपास वेग लागतो. जाड नळीत तोंडाशी उचललेली वाळू पुढे जिथे नळी वर चढते तिथे खाली बसते, आणि नळी हलवली की परत सीटवर सांडते. माझ्या पहिल्या यंत्रात हेच घडत होतं, आणि मी मोटरला दोष देत बसलो होतो.

मग सगळ्यांत बारीक नळी घ्यावी का? नाही, कारण बारीक नळीत हवेला घर्षण जास्त सोसावं लागतं, आणि लांबी दुप्पट केली की ते घर्षणही दुप्पट होतं. ३२ ते ३८ मिलिमीटर व्यास आणि साडेचार-पाच मीटर लांबी हे गाडीसाठी जमून येणारं माप. एवढ्या लांबीत यंत्र एका जागी ठेवून निदान दोन दारं उरकतात. यंत्रासोबत येणारी दोन मीटरची ताठ नळी गाडीत शिरताना सीटला अडकते, दाराच्या चौकटीला घासते आणि टाकी ओढून आडवी पाडते. नळी मऊ हवी, आणि मुठीजवळच्या सांध्यात फिरणारी हवी, नाहीतर अर्ध्या तासात मनगट भरून येतं. दाराच्या उंबऱ्यावर जुना टॉवेल टाकून त्यावरून नळी घ्या. नळीच्या वळ्यांत अडकलेले वाळूचे कण रंगावर ओरखडे काढतात.

नळी वेगळी विकत घेणार असाल, तर आधी टाकीच्या तोंडाचा व्यास मोजा. कंपन्यांची मापं एकमेकांशी जुळतीलच असं नाही, आणि सैल बसलेल्या सांध्यातून निम्मी हवा आयती आत शिरते.

## तोंडं किती आणि कोणती

तीन पुरतात. सीटच्या फटी आणि रुळांसाठी लांब चिंचोळं, डॅशबोर्ड आणि एसीच्या जाळ्यांसाठी मऊ केसांचा ब्रश, आणि सीट-कार्पेटसाठी दहा सेंटिमीटरच्या आसपासचं रुंद तोंड. धातूची टोकं टाळा. प्लॅस्टिकच्या पॅनेलवर पडलेला ओरखडा जात नाही.

तोंड कार्पेटवर घट्ट दाबून धरू नका. दाबलं की हवेची वाट बंद होते आणि आपण पुन्हा ‘सक्शन पूर्ण, प्रवाह शून्य’ या टोकाला जातो. किंचित तिरपं धरा, हळू सरका, आणि दुसऱ्या हाताने ताठ केसांच्या ब्रशने धागे उलट दिशेने विंचरत राहा. वाळू वर येते आणि हवेच्या तावडीत सापडते. तळहाताने थापटलं तरी फरक पडतो. एकट्या व्हॅक्यूमने दहा वेळा फिरून जे होत नाही, ते ब्रशच्या साथीने दोन फेऱ्यांत होतं.

सीटखाली हात घालताना जरा जपून. तिथे वायरी असतात, आणि पिवळ्या रंगाचे कनेक्टर एअरबॅगशी संबंधित असतात. चिंचोळं तोंड तिथे रेटू नये.

## फिल्टर: जिथे ताकद हरवते

दुकानात जोरात चालणारा व्हॅक्यूम तिसऱ्या गाडीपर्यंत मलूल का होतो? मोटर म्हातारी झालेली नसते, फिल्टर भरलेला असतो. चुण्यांच्या कागदी फिल्टरवर बारीक धूळ एकदा बसली, की हवेला तिच्या थरातून वाट काढावी लागते. इतका खटाटोप करून निवडलेली नळी मग व्यर्थ जाते.

उपाय साधा आहे: टाकीत पिशवी लावा. बहुतेक शॉप व्हॅक्यूमना कागदी किंवा कापडासारख्या न विणलेल्या धाग्यांची पिशवी बसते. धूळ पिशवीत अडते, फिल्टर जवळपास स्वच्छ राहतो आणि ताकद टिकते. टाकी रिकामी करताना तोंडावर ढग उठत नाही, हा वरचा फायदा. ‘पिशव्यांचा खर्च कशाला’ असं पुष्कळ जण म्हणतात. पण पिशवी नसेल तर फिल्टर वारंवार झटकावा लागतो, तो झटकताना फाटतो, आणि फाटल्याचं लगेच लक्षातही येत नाही. सुक्या कामासाठी मी पिशवीशिवाय यंत्र चालू करत नाही.

बारीक धुळीचा प्रश्न तब्येतीचाही आहे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. फुप्फुसात खोल जाणारी धूळ १० मायक्रॉनपेक्षाही बारीक असते आणि साध्या फोमच्या फिल्टरमधून आरपार निघून मागच्या तोंडाने गॅरेजभर पसरते. घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल, तर हेपा फिल्टर घ्या. अमेरिकेतल्या व्याख्येप्रमाणे हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी निदान ९९.९७ टक्के अडवणारा. ‘हेपासारखा’ असं लिहिलेलं असेल तर तो हेपा नव्हे. आणि फिल्टर चांगला असून भागत नाही, तो ज्या खोबणीत बसतो तिथली रबरी कडाही घट्ट हवी. बंद जागेत काम असेल तर शटर उघडंच ठेवा, आणि त्या वेळी गाडीचं इंजिन चुकूनही चालू नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

## ओल्या कामाचे वेगळे नियम

सीट शाम्पूने धुतली, किंवा काचा उघड्या राहून पावसाचं पाणी आत आलं, की शॉप व्हॅक्यूमचं मोल कळतं. पण पाणी घेण्याआधी पिशवी आणि कागदी फिल्टर काढून फोमचा फिल्टर चढवा. भिजलेला कागद हवा अडवतो, आणि तसाच टाकीत राहिला तर बुरशी धरतो.

टाकी भरली की आतला फ्लोट वर तरंगून हवेची वाट बंद करतो, आवाज चढतो, आणि आपण थांबायचं. मात्र साबणाचा फेस फ्लोटला दाद देत नाही. हलका फेस बाजूने वर चढतो आणि मोटरपर्यंत पोहोचतो. म्हणून शाम्पू कमी वापरा आणि टाकी अर्धी झाली की ओता. विजेच्या दृष्टीने, ओलं काम नेहमी ३० मिलिअँपिअरच्या गळती-संरक्षक स्विचवरच करा.

## ‘घरचा व्हॅक्यूम आहे की!’ आणि ‘बॅटरीवाला चालणार नाही का?’

घरच्या बहुतेक व्हॅक्यूममध्ये धूळ गाळून झालेली हवाच मोटरला थंड करते. ओली धूळ किंवा पाणी गेलं, की ते थेट मोटरवर. ओल्या-सुक्या यंत्रात मोटर थंड करणारी हवा वेगळ्या वाटेने येते. शिवाय घरच्या यंत्राची नळी खडे आणि स्क्रू सोसायला बनवलेली नसते. सुक्या सीटवरून हलका हात फिरवायला ते चालेल, त्यापुढे नको.

बॅटरीचा हिशेब मांडून बघा. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ९० वॅट-तास ऊर्जा. मोटर २०० वॅट खात असेल तर सत्तावीस मिनिटं. आणि हे २०० वॅट मोटरने खाल्लेले. हवेच्या अंगात त्याचा काही हिस्साच उतरतो. आठवड्याला चुरा आणि केस टिपायला बॅटरीवाला छान. वर्षभराची वाळू काढायला वायरवालाच हवा.

## टाकी, आवाज, वायर

वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो वजन, आणि ते उचलून ओतायचं आपल्यालाच आहे. एका गाडीसाठी पंधरा-वीस लिटरची टाकी भरपूर. मोठी घेतलीच तर तळाला पाणी सोडायची चावी असलेली घ्या. जागा कमी असेल तर भिंतीवर टांगायची यंत्रं मिळतात, पण मग नळी लांब लागते आणि घर्षणाचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

आवाजाकडे सहसा कुणी लक्ष देत नाही, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तासांपेक्षा जास्त ऐकू नये आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते, अशी अमेरिकेतल्या ‘नायोश’ या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस आहे. बंद गॅरेजमध्ये भिंतींवरून आवाज परत फिरतो, आणि गाडीत तर डोकं जवळपास डब्यातच असतं. कानात बोळे घाला. एक्स्टेन्शन वायर वापरत असाल तर ती जाड घ्या आणि रीळ पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर तापते.

पेट्रोल, थिनर किंवा त्यांनी भिजलेली चिंधी व्हॅक्यूमने कधीही उचलू नका. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणाऱ्या कार्बन ब्रशमधून ठिणग्या उडतात, आणि टाकीत साठलेल्या वाफेला तेवढं पुरतं. सांडलेलं पेट्रोल वाळू टाकून टिपा आणि ती वाळूही हाताने भरा.

## घेण्याआधी एक चाचणी

विक्रेता नळीच्या तोंडावर तळहात ठेवायला सांगतो. हात घट्ट चिकटतो आणि आपण खूश होतो. पण ही बंद तोंडाची चाचणी, प्रवाहाबद्दल ती काहीच सांगत नाही. त्याऐवजी जुन्या कार्पेटचा वीतभर तुकडा आणि मूठभर कोरडी वाळू सोबत न्या. वाळू धाग्यांत चोळून मुरवा, चिंचोळं तोंड लावून हळू फिरवा, मग तुकडा पांढऱ्या कागदावर उलटा करून थापटा. कागदावर किती कण पडतात ते पाहा. दुसरं यंत्र, तोच तुकडा, तितकीच वाळू, पुन्हा तेच. शेवटी नळी उभी धरून यंत्र बंद करा आणि तोंडातून किती वाळू परत गळते ते बघा.